झाकणावरचं कुंकू

खरं सांगायचं तर त्या दिवशी सकाळी मी देवीशी भांडूनच घराबाहेर पडलो होतो. देवघरासमोर उभा राहिलो, हात जोडले आणि रोजची प्रार्थना म्हणायच्या ऐवजी सरळ म्हणून टाकलं, "आई, आज जर गाडी थांबली तर उद्या मी ती विकणार. मग तुझं तू आणि माझं मी." स्वयंपाकघरातून बायकोने ते ऐकलं. देवीला दम देणारा भक्त आपण पहिल्यांदाच बघतोय, असं ती म्हणाली आणि डबा हातात दिला. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही, कारण मी खरोखरच कंटाळलो होतो आणि दम खरोखरच दिला होता.

गाडी म्हणजे माझी क्रेन. आमच्या जालन्यात तिला लहानथोर सगळे हायड्रा म्हणतात. माझ्याकडे एकच आहे, तीही दुसऱ्याच्या हातून घेतलेली. कारखान्यांच्या आवारात सळ्यांचे गठ्ठे इकडचे तिकडे करणं, शेतातल्या खांबावर ट्रान्सफॉर्मर चढवणं, रस्त्यात उलटलेली उसाची ट्रॉली सरळ करणं, अशी आमची कामं. चालवणारा मिलिंद. आठ वर्षं माझ्याकडे आहे, वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. गाडीचा लांब लोखंडी हात, ज्याला आम्ही बूम म्हणतो, तो मिलिंद असा हलवतो की उचललेल्या वस्तूला आपण जमीन सोडली हेही कळू नये. मिलिंद बौद्ध आहे. तो पूजाअर्चा करत नाही, आणि मी करतो त्याला कधी नावं ठेवत नाही. मी मात्र रेणुकेचा भक्त. पिंपळगाव रेणुकाईला जाऊन आल्याशिवाय मी कुठलंही मोठं काम हाती घेत नाही.

गाडी घेतली तेव्हा पूजेला आलेल्या महाराजांनी विचारलं होतं, या यंत्राचा प्राण कुठे आहे? मी तेलाच्या टाकीकडे बोट दाखवलं, कारण हे सगळं यंत्र तेलाच्या दाबावरच उचलतं. टाकीच्या वर मुठीएवढं लोखंडी झाकण होतं, त्याच्या कडेने बारीक जाळी. महाराजांनी त्या झाकणावर कुंकवाचं बोट उमटवलं आणि मी ते मनात धरून ठेवलं. तेव्हापासून दर शुक्रवारी मी झाकणाला कुंकू लावू लागलो. कोरडं कुंकू वाऱ्याने उडून जायचं म्हणून ते गोडेतेलात कालवून लावायचो. चार वर्षं बरी गेली.

मग गाडीला ती खोड लागली. लहानसहान कामात काही नाही, पण बूम पूर्ण उंच न्यायचा म्हटलं की वर जाता जाता तो थांबायचा. पंप रडायला लागायचा, आणि पुढे काही नाही. तासभर उभी केली की परत शहाण्यासारखी चालायची. मिस्त्री यायच्या वेळी तर हमखास बरी असायची. आम्ही सील बदलले, पाइप बदलले, शेवटी पंपही बदलला. गॅरेजमधून आली की आठ दिवस छान. मला वाटायचं, चला, सुटलो. त्या आनंदात मी मोठी पूजा घालायचो, आणि नवव्या दिवशी गाडी पुन्हा कुठल्यातरी खांबाशेजारी मान अर्धी वर करून उभी.

मी काय केलं? भक्ती वाढवली. शुक्रवारचं कुंकू मंगळवारीही लावायला लागलो, मग रोज. झाकणावर थरावर थर चढले. ते आता झाकण दिसतच नव्हतं, शेंदूर चढलेल्या जुन्या मारुतीसारखं दिसत होतं. कारखान्याच्या फाटकावरचा राखणदार त्याला हात जोडायचा. मिस्त्रीसुद्धा तेल भरताना ते झाकण दोन्ही हातांनी अदबीने काढायचा, बाजूला स्वच्छ कपड्यावर ठेवायचा आणि तसंच परत बसवायचा. मिलिंद रोज सकाळी सगळी गाडी पुसायचा, झाकण सोडून. एकदा त्याने विचारलं होतं, भाऊ, हे लई साचलंय, रॉकेलनं पुसून घेऊ का? मी चिडलो. तुला त्यातलं काय कळतंय, म्हणालो, झाकणाला हात लावायचा नाही. तो बरं म्हणाला, आणि त्याने पुन्हा कधी हात लावला नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण याचा हिशेब पुढे व्हायचा होता.

तर त्या दिवशीचं काम होतं कळसाचं. पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडच्या एका लहान गावात देवीचं नवं शिखर बांधून पूर्ण झालं होतं आणि पितळेचा मोठा कळस त्यावर बसवायचा होता. गावाचं नाव लिहीत नाही, पुढे कळेल का ते. आदल्या दिवशीच मिलिंदने गाडी नेऊन देवळासमोर लावली होती. मी मोटारसायकलवर पोचलो तेव्हा गाव नुसतं उसळत होतं. माहेरवाशिणी आल्या होत्या, हलगी वाजत होती, पोरं झाडावर चढून बसली होती. देवळामागे चुली पेटल्या होत्या आणि अख्ख्या गावाला पुरेल एवढी वरण-बट्टी चालली होती. मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांपर्यंतचा. हे सगळं बघून माझा सकाळचा राग कुठल्या कुठे गेला. माझ्या गाडीच्या हाताने देवीच्या माथ्यावर कळस चढणार! मी खिशातून डबी काढली, भरपूर कुंकू कालवलं आणि झाकणावर असा जाड लेप दिला की जाळीची तार दिसू नये.

कळसाची पूजा झाली. देवळाच्या कामाचे प्रमुख, सगळं गाव ज्यांना आबा म्हणतं, त्यांनी नारळ फोडला. मिलिंदने कळस उचलला. काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ऊन पितळेवर पडलेलं, बायका ओव्या म्हणतायत, आणि कळस सरळ रेषेत वर चाललेला. शिखराशी बांधलेल्या परांचीवर दोन गवंडी हात पुढे करून उभे होते. कळस त्यांच्यापासून दोन पुरुष उंचीएवढा खाली असताना पंप रडायला लागला.

मला तो आवाज झोपेतही ओळखू येतो. बूम थांबला. कळस अधांतरी, किंचित झुलत. हलगी दोन-चार ठोके वाजली आणि तीही थांबली. मिलिंदने केबिनमधून माझ्याकडे बघितलं. मी आबांना म्हणालो की कळस जरा वेळ खाली टेकवतो, तासभर गाडीला विश्रांती देतो. आबांनी मान हलवली. आमच्याकडे एकदा भुई सोडलेला कळस परत भुईला टेकत नाही, म्हणाले, आणि मुहूर्त टळायला चाळीसच मिनिटं राहिलीत. ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

गर्दीत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं, देवीला मान्य नसेल. कोणी म्हणालं, काहीतरी चुकलं असणार. मग माझ्या मागून एक माणूस बेताच्या आवाजात म्हणाला, "भाऊ, चालवणारा बदलून बघा. तुमच्याकडं दुसरं कोणी असंल तर."

त्याचा अर्थ मला बरोबर कळला. मिलिंदलाही कळला, कारण केबिनचं दार उघडंच होतं. त्याने गाडी जिथल्या तिथे अडकवून ठेवली, कळस हलणार नाही याची खात्री केली, आणि खाली उतरून चाकाशी उभा राहिला. आणि मी? आठ वर्षं ज्याच्या हातावर माझं घर चाललं, त्याच्यासाठी मी तोंड उघडलं नाही. भीती होती, गर्दी होती, हे सगळं खरं. पण त्याहून खरं हे की एका क्षणापुरतं माझ्याही मनात आलं, न जाणो, असेल तसं. ते मनात आलं आणि मला माझीच किळस आली. म्हणून त्या गावाचं नाव लिहिलं नाही. त्या माणसाला बोट दाखवायचा हक्क मला नाही.

हत्यार आणतो असं काहीतरी पुटपुटत मी पेचकस, म्हणजे आमचा स्क्रू-ड्रायव्हर, हातात घेऊन देवळामागे गेलो. हत्यार कसलं, मला फक्त लोकांच्या डोळ्यांपासून दूर व्हायचं होतं. भिंतीला कपाळ लावलं. सकाळी एवढं तोंड चालवलं होतं, आता एक शब्द सुचेना. शेवटी मनातल्या मनात म्हणालो, आई, मला काही कळत नाही. मागणं नाही, अट नाही, नवस नाही. माझ्या आयुष्यातली बहुधा ती पहिलीच प्रार्थना, जिच्यात मी देवीला काय करायचं ते सांगितलं नाही.

"अवं दादा, ते पेचकस द्या बरं इकडं."

मी वळून बघितलं. चुलीपाशी पासष्टीची एक बाई बसली होती, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत पिठाचे. समोर कढई तापलेली आणि हातात तेलाचा मोठा पत्र्याचा डबा. डब्याला एका कोपऱ्यात भोक पाडलेलं होतं आणि ती तो कढईत उपडा करत होती, पण तेल गुडगुड करत जरासं यायचं आणि थांबायचं. तिच्याबरोबरच्या बायका बट्ट्या चिरत होत्या. मी पेचकस दिला. तिने तो डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवला, चुलीजवळचा दगड उचलून एक ठोका घातला, आणि डबा पुन्हा कलता केला. तेलाची जाड धार सरळ कढईत पडली.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ह्या पोरींनी एकच भोक पाडल्तं. आत वारा जायला जागा ठेवली न्हाई तर तेल कुठून येईल बाहेर?"

दुकानात, घरात, लग्नाच्या मांडवात मी तेलाचे डबे शेकडो वेळा फोडलेत. दुसरं भोक पाडायचं असतं हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. पण त्या क्षणी ते वाक्य माझ्या कानात शिरलं आणि डोळ्यांपुढे गाडी उभी राहिली. टाकी. झाकण. त्याच्या कडेची ती बारीक जाळी, जिला मी इतकी वर्षं शोभेची समजत होतो. लहान कामात टाकीतलं थोडं तेल जातं, भागतं. बूम पूर्ण वर न्यायचा तर खूप तेल जातं, त्याच्या जागी वारा यायला हवा, आणि वाऱ्याच्या वाटेवर मी रोज उठून कुंकू थापत होतो! तासभर उभी केली की कुठूनतरी थोडा वारा झिरपायचा. गॅरेजमध्ये झाकण उघडलं जायचं, थर तडकायचा, आठ दिवस गाडी श्वास घ्यायची. मग मी पूजा घालायचो.

पेचकस मी तिच्या हातातून जवळजवळ हिसकावला. वय विसरून पळत सुटलो. धोतर नेसलेला पन्नाशीचा माणूस गर्दी कापत पळतोय हे बघून लोक बाजूला झाले. गाडीवर चढलो. झाकण फिरेना, कुंकवाने ते टाकीला चिकटून बसलं होतं. पेचकस खाली घालून मी ठोकलं. लाल खपल्या उडाल्या, हात मनगटापर्यंत लाल झाले. झाकण सुटलं आणि टाकीने असा लांब श्वास आत ओढला की खाली उभ्या असलेल्या मिलिंदने चमकून वर बघितलं. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही.

मी गाडीवर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "मिलिंद, बस गाडीवर! कळस तूच चढवायचा!"

तो एक क्षण थांबला. त्या माणसाकडे त्याने बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मग केबिनमध्ये चढला. पंप चालू झाला, पण रडला नाही. बूम हलला. कळस वर निघाला, एक हात, दोन हात, आणखी वर, गवंड्यांची बोटं त्याला लागली, आणि मिलिंदने तो शिखरावर असा टेकवला की पितळेचा आवाजसुद्धा आला नाही. बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. हलगी कडाडली. 'उदो उदो'ने देऊळ दणाणलं. मी टाकीवरच बसून लहान पोरासारखा हसत होतो आणि रडत होतो, आणि डोळे पुसल्यामुळे तोंडही लाल झालं होतं. खालून कोणीतरी म्हणालं की मालकांच्या अंगात आलंय. काय खोटं होतं त्यात!

खाली उतरल्यावर आबांनी विचारलं, काय झालं होतं? लपवायचं असतं तर लपवता आलं असतं, यंत्राचं कोणाला काय कळतं. पण मी सगळ्यांसमोर सांगितलं की देवीची काही हरकत नव्हती आणि चालवणाऱ्याची काही चूक नव्हती, खोट माझ्या पूजेत होती, मीच कुंकू लावून लावून गाडीचं नाक बंद केलं होतं. मग आबा हसले, आणि मग सगळं गाव हसलं. मघाशी बोललेला तो माणूस हसला की नाही ते मला दिसलं नाही. क्रेनवाल्याच्या मानाचा म्हणून आणलेला फेटा आबांनी माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, मिलिंदला बांधा. मिलिंद म्हणाला, फेटा बांधून केबिनमध्ये बसता येत नाही, टपाला लागतो. शेवटी त्याने तो बायकोला दाखवायला म्हणून घडी करून घेतला.

मग मी त्या बाईंना शोधत देवळामागे गेलो. या ठिकाणी बाई गायब झाली असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्यांना आवडलं असतं. पण ती तिथेच होती, बट्ट्या तळत होती. मी वाकून तिच्या पायांना हात लावला. ती दचकली. "सरका मागं, तेल हाय उकळतं," म्हणाली, आणि लाल झालेलं माझं तोंड बघून शेजारणीला विचारलं की ह्यांना काय झालं. वाटूरची बाई, गावोगावच्या भंडाऱ्यांना स्वयंपाक करायला जाते. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाली, बरं झालं, आता जेवून घ्या. नंतर अंबडला एका लग्नात ती मला पुन्हा भेटली. मी ओळख दिली तर तिला काही आठवलं नाही. ती कोण होती हे मला माहीत आहे, तिच्या नातवंडांची नावंसुद्धा माहीत आहेत. तरीही त्या दिवशी त्या भिंतीपाशी माझ्याकडे पेचकस कोणी मागितला, हे मी माझ्यापुरतं वेगळं धरतो. त्यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

जेवणं झाल्यावर मी मोटारसायकल गावातच ठेवली आणि मिलिंदच्या शेजारी केबिनमध्ये दाटीवाटीने बसून निघालो. सगळ्यात आधी पिंपळगाव रेणुकाईला गाडी वळवायला सांगितली. वाटेत मी म्हणालो, मिलिंद, मघाशी तो बोलला तेव्हा मी गप्प बसलो.

"हां, बसले ना," तो म्हणाला. "म्या बघितलं."

मी माफी मागितली. तो समोर रस्त्याकडे बघत राहिला. एक गाव गेलं, दुसरं गेलं. त्याने माफ केलं असं तो तेव्हाही म्हणाला नाही आणि आजपर्यंत म्हणालेला नाही, आणि मी ते मागायला परत गेलो नाही. पण देवळाची पायरी दिसायला लागली तेव्हा त्याने गाडी हळू केली आणि गालात हसत म्हणाला, "भाऊ, तुमची देवी तुमच्यावर लई माया करून राह्यली. एक झाकण उघडायला तिनं आख्खं गाव गोळा केलं."

मी एकटा आत गेलो. सकाळच्या दमाबद्दल देवीची माफी मागितली. तिच्यापुढे उभा राहिलो आणि ध्यानात आलं की इतकी वर्षं मी तिला नुसतं देतच होतो, कुंकू, नारळ, नवस, सूचना. तिच्याकडून काही आत यायला मी फट म्हणून ठेवली नव्हती. शरण जाणं म्हणजे आणखी काही चढवणं, असंच मला वाटत आलं होतं. त्या भिंतीपाशी माझ्याजवळ चढवायला काही उरलं नाही, तेव्हा कुठे तिचं बोलणं ऐकू आलं, तेही तेलाच्या डब्यातून.

गाडी मी विकली नाही. त्यानंतर ती बिघडलीच नाही असं नाही, टायर फुटतात, पाइप गळतात, जुनं यंत्र आहे. बूम मात्र परत कधी अर्ध्यात थांबला नाही. आता कुंकवाचं एक बोट मी हुकाला लावतो, तेवढंच. शुक्रवारी सकाळी मिलिंद टाकीचं झाकण काढतो, रॉकेलमध्ये बुडवतो, जुन्या ब्रशने जाळीची एकेक तार घासतो आणि उजेडाकडे धरून आरपार दिसतं का ते बघतो. त्याचं होईपर्यंत मी खाली चपला काढून, हात जोडून उभा असतो. माझी पूजा आता तोच करतो असं म्हटलं तर तो चिडेल, म्हणून मी म्हणत नाही.